जानेवारीतला कार्निव्हल

लंडनमधला नॉटिंग हिलचा कार्निव्हल ऑगस्टअखेरच्या रविवार-सोमवारी भर रस्त्यात चालतो. त्याचं मूळ मात्र ऐन थंडीत, एका सभागृहात रुजलं, आणि तेही दंगलीनंतर.

ऑगस्ट १९५८ च्या शेवटी गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी नॉटिंग हिलमधल्या कॅरिबियन कुटुंबांवर हल्ले केले. लंडनमधल्याच ब्रिक्स्टनमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानावरच्या माडीतून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या क्लॉडिया जोन्स यांनी त्यावर उत्तर शोधलं ते कार्निव्हलमध्ये. १९१५ साली त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या बाईंना कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकलं आणि १९५५ मध्ये हद्दपार केलं होतं. एवढं सोसलेल्या माणसाला नाचगाण्याचा जलसा का सुचावा?

उत्तर त्रिनिदादच्या इतिहासात आहे. तिथे मुखवट्यांचे नाच आधी फ्रेंच मळेवाल्यांचे होते. १८३८ मध्ये गुलामी पुरती संपली आणि मुक्त झालेल्या माणसांनी हा सण रस्त्यावर नेला. इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध आणले, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे पत्र्याचे डबे, मग तेलाची पिंपं ठोकून स्टीलपॅन घडवलं. बंदीतून वाट काढणं हा या उत्सवाचा स्वभावच. जोन्सबाई तो जन्मापासून ओळखत होत्या.

३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये तो जलसा झाला. गोव्याप्रमाणेच त्रिनिदादमध्येही कार्निव्हल लेंटच्या उपवासाआधी येतो. म्हणून थंडीतलीच तारीख आणि डोक्यावर छप्पर. कॅलिप्सो गाणी, स्टीलबँड, नृत्यपथकं आणि कृष्णवर्णीय तरुणींची सौंदर्यस्पर्धा असा बेत होता. ज्या देशात काळ्या चेहऱ्याला भाड्याची खोलीसुद्धा नाकारली जायची, तिथे ही स्पर्धा फार मोलाची होती, असं मला वाटतं. बीबीसीने कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. स्मरणिकेच्या विक्रीतला काही वाटा दंगलीत शिक्षा झालेल्या तरुणांचे दंड भरायला ठेवला होता, आणि त्यात काळे-गोरे दोन्ही होते.

१९६४ च्या नाताळात जोन्सबाई गेल्या. हायगेट दफनभूमीत त्या कार्ल मार्क्सशेजारी आहेत.

१९६६ मध्ये समाजकार्यकर्त्या रॉन लॅस्लेट यांनी नॉटिंग हिलमध्ये शेजारपाजारच्या सगळ्या समाजांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली. रसेल हेंडरसन स्टीलपॅन वाजवत चालू लागले आणि लोक मागोमाग निघाले. खरी जननी कोण, यावर अजून वाद होतो. माझं झुकतं माप जोन्सबाईंना आहे, कारण या उत्सवामागचा हक्काचा विचार त्यांचा; पण रस्ता मिळाला तो लॅस्लेटबाईंमुळे, हे नाकारता येत नाही.

१९७३ पासून लेस्ली पामर यांनी आणखी वेशभूषापथकं जमवली आणि जमैकन साऊंड सिस्टिमना आवतण दिलं. तोवर बराचसा त्रिनिदादी असलेला हा मेळा मग साऱ्या कॅरिबियनचा झाला आणि काही वर्षांतच गर्दी लाखांवर गेली.