पॉइंट गेले, सेन्सर आले

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते, हे आपण वर्गात सांगतो. ती नेमकी कोणत्या क्षणी पडायला हवी, हे सांगायचे बहुधा राहून जाते. थोडा हिशेब करू. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. इंजिनाचा दांडा एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. ठिणगी काही अंश मागेपुढे झाली तरी इंजिनाची ताकद घटते किंवा ते खडखडू लागते.

हे वेळेचे काम कितीतरी वर्षे 'पॉइंट' करत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढे जगभर रुळली. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावरचा चार कोनांचा कॅम फिरताना धातूच्या दोन टिकल्यांची जोडी उघडतो. कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. फॅरेडेचा नियम याहून रोकडा कुठे पाहायला मिळणार? पण दर उघडण्याला टिकल्यांवरही बारीकशी ठिणगी पडते. कंडेन्सर ती कमी करतो, थांबवू शकत नाही. टिकल्यांना खड्डे पडतात. कॅमवर घासणारा ठोकळा झिजतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट कमी होते आणि ठिणगीला उशीर होऊ लागतो. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला असेच पॉइंट होते. रस्त्यात गाडी अडली की टॅक्सीवाला झाकण काढून पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवी आणि पुढे जाई. दोष डोळ्यांना दिसे, हातांनी दुरुस्त होई.

मग हे बदलले का? अमेरिकेत १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. गाडीचा धूर पाच वर्षे किंवा ५०,००० मैल (सुमारे ८०,००० किलोमीटर) मर्यादेत राहिला पाहिजे, अशी त्यात अट होती. मध्येच झिजणारे पॉइंट या अटीत बसेनात. १९७३ च्या आपल्या सर्व गाड्यांना क्रायस्लर कंपनीने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. त्यात पॉइंटऐवजी दातेरी चाक आणि चुंबकावर गुंडाळलेली तार होती. दाता जवळून गेला की तारेत विद्युतदाब उमटतो. मात्र हा दाब चाकाच्या वेगावर अवलंबून असतो. बॅटरी उतरलेली असताना स्टार्टर इंजिन सावकाश फिरवतो, तेव्हाच तो सर्वांत क्षीण असतो. दाता आणि चुंबक यांतली फट वाढली, तर गाडी सुरू होणे आणखी कठीण.

ही अडचण हॉल परिणामाने सोडवली. त्याची गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम वाचावी. एडविन हॉल पदवीनंतर दोन वर्षे शाळेत मुख्याध्यापक होता. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकताना त्याला मॅक्सवेलच्या ग्रंथात एक विधान आढळले: चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तारेतल्या प्रवाहावर नव्हे. हॉलला ते पटले नाही. त्याचे गुरू रोलंड यांनाही शंका होतीच. त्यांनी जाड पट्टी घेऊन प्रयोग केला होता, तो फसला होता. हॉलने काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला, आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये प्रवाहाला आडवा असा चिमुकला विद्युतदाब त्याला मिळाला. इलेक्ट्रॉन सापडायला तेव्हा अठरा वर्षे अवकाश होता!

वर्खच का? धातूत इलेक्ट्रॉनांची गर्दी एवढी असते की प्रत्येकाने अगदी सावकाश सरकले तरी पुरेसा प्रवाह वाहतो, आणि सावकाश सरकणाऱ्याला चुंबक थोडेच ढकलतो. वर्खासारख्या पातळ वाटेतून तोच प्रवाह न्यायचा तर त्यांना वेग वाढवावा लागतो. अर्धवाहकात गर्दीच कमी, म्हणून परिणाम कितीतरी मोठा. त्यामुळे या परिणामाचा व्यवहारात उपयोग व्हायला अर्धवाहकांचे युग उजाडावे लागले.

डिस्ट्रिब्यूटरमध्ये एका बाजूला चुंबक आणि समोर हॉलची चकती असते. मधून खिडक्या असलेला लोखंडी पेला फिरतो. खिडकी समोर आली की चुंबकीय क्षेत्र चकतीपर्यंत पोहोचते, पाते आले की अडते. वेग कितीही असो, इशारा तेवढाच स्पष्ट. घासणारे काही नाही, म्हणून बिघडणारेही काही नाही, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात बिघाड होतात, पण ते क्वचितच हॉल परिणामाशी संबंधित असतात. सेन्सर इंजिनालगत तापतो, गाडी उभी केली की गार होतो. राळ, टाका आणि तार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि कालांतराने जोड सुटतो. तापल्यावर तो उघडतो, निवल्यावर पुन्हा टेकतो. गाडी घाटात बंद पडते आणि गॅरेजमध्ये निमूट सुरू होते. आमच्या मते मेकॅनिकची खरी परीक्षा इथेच. म्हणून जाणते कारागीर केस वाळवायच्या यंत्राने सेन्सर तापवून तपासतात. दुसरे कारण तारांचे. अनेक रचनांत ठिणगीची वेळ पुढे-मागे करण्यासाठी सेन्सरची बैठक सतत थोडी हलते, तिच्याबरोबर तारा वाकतात आणि वरचे आवरण शाबूत असताना आत तुटतात. दांड्याचा बुश झिजला तर पाते डगमगत चकतीला घासते. कनेक्टरमध्ये पाणी शिरून गंज चढतो, सीलमधून तेल झिरपते. प्लगची वायर खराब असेल तर उच्च दाब भलत्या वाटेने जाऊन इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो. अशा वेळी नुसता सेन्सर बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो.

पुढे प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल देण्याची पद्धत आली आणि नव्या गाड्यांतून डिस्ट्रिब्यूटरच हद्दपार झाला. हॉलची चकती मात्र अनेक इंजिनांत कॅमशाफ्टशेजारी जाऊन बसली आहे. तिच्या तीन तारा तिथेही तितक्याच तापतात.