तोफेचा सोरा आणि काचेतला मासा

१/ इ.स. १५४९. निजामशाहीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. महंमद रूमी या तुर्की वंशाच्या ओताऱ्याने येथे सुमारे ५५ टन वजनाची एक तोफ ओतली. पुढे ती ‘मलिक-ए-मैदान’ या नावाने गाजली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. तोफेच्या दारूचा आणि घरातल्या नव्या काचटाकीत आठवडाभरात मरणाऱ्या माशांचा एक विलक्षण संबंध आहे. त्याची ही कथा. 🧵

२/ तोफेच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असे. उरलेला कोळसा आणि गंधक. सोरा मिळे तो गोठ्यांच्या आणि जुन्या वस्त्यांच्या मातीतून. या मातीवर पांढरा थर चढे. तो खरवडून पाण्यात विरघळवत, त्यात लाकडाची राख मिसळत आणि पाणी आटवून स्फटिक काढत. सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारचा सोरा डच आणि इंग्रज कंपन्या जहाजे भरभरून युरोपात नेत होत्या.

३/ गुरांच्या मलमूत्राने भिजलेल्या मातीतून हा पांढरा क्षार येतो कसा, याचे उत्तर मात्र ना सोरा काढणाऱ्यांजवळ होते, ना तोफा डागणाऱ्यांजवळ. माती मुरावी लागते, घाई केल्यास हाती काही लागत नाही, एवढे अनुभवाने ठाऊक होते. हे ‘मुरणे’ या कथेत पुन्हा भेटेल.

४/ आता तोफेकडून पाण्याकडे. याच राजधानीच्या आग्नेयेस फराहबाग आहे. सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारला गेला. नगरच्या परिसरातील अशा बागा-महालांना खापरी नळांनी दूरवरून पाणी आणलेले असे. अशा मोठ्या जलाशयाचा तळ गाळाचा, काठ वनस्पतींचा. तेथे माशांना जगवण्यासाठी माणसाला काही करावे लागत नाही.

५/ म्हणूनच जुन्या ग्रंथांत माशांच्या खाण्याविषयी पुष्कळ आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे ११२९) या ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तीसहून अधिक जातींचे मासे आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, याची माहिती येते. पाणी तेवढे गृहीत धरलेले, कारण ते नदी-तलावाचे होते.

६/ पाणी बंदिस्त झाले आणि प्रश्न उभा राहिला. १८४९ मध्ये लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने सुमारे १२ गॅलनच्या पात्रात दोन सोनमासे ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे श्वास घेतील, असा त्याचा हिशेब होता. काही काळ तो जुळला. मग पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले.

७/ वॉरिंग्टनने पात्रात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि इंग्लंडच्या घराघरांत काचेच्या टाक्यांचे वेड शिरले.

८/ पण पुष्कळ टाक्यांतील मासे मरत राहिले. काही वर्षांतच हे वेड ओसरले. वॉरिंग्टनचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यात प्राणवायूची नोंद होती, अमोनियाची नव्हती. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. हे विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ असते आणि मासे तडफडत असतात.

९/ उत्तर मिळाले ते सांडपाण्यातून. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. नंतर खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नायट्रेट म्हणजे सोऱ्याचाच घटक!

१०/ त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. पुढे बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी ओतताच क्रिया पुन्हा सुरू झाली. निष्कर्ष स्पष्ट होता: हे काम सजीव करतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की याने झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे केले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट.

११/ येथे दोन्ही धागे जुळतात. गोठ्याच्या मातीत तोफांसाठी सोरा घडवणारे जीवाणू आणि टाकीतल्या माशाला विषापासून वाचवणारे जीवाणू एकाच कुळातले कामकरी आहेत. तलावाच्या गाळात ते आधीपासून असतात. नव्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतात. ती टाकी अजून ‘मुरलेली’ नसते.

१२/ म्हणून मृत्यूंचा क्रमही ठरलेला. पहिल्या काही दिवसांत अमोनिया चढतो. मग नायट्राइट चढते, तेही विषारीच. जीवाणूंचे दोन्ही गट स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतर उरते ते तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट, जे पाणी बदलून काढता येते. पहिल्याच दिवशी डझनभर मासे आणणारा या सहा आठवड्यांना तोंड देत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

१३/ अनेक घरांत अशा वेळी एक सांत्वन ऐकू येते: ‘घरावरचे संकट माशाने आपल्यावर घेतले.’ त्यामागची माया खरी आहे. पण त्यामुळे कारणाचा शोध थांबतो, त्याच पाण्यात नवे मासे येतात आणि तेही मरतात. ज्या मुलाने हौसेने टाकी मागितलेली असते, ते मात्र दोष स्वतःलाच देते.

१४/ अहिल्यानगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते. कोणत्याही शहराच्या नळाला येणारे पाणी जंतुनाशक क्लोरीन घालून आलेले असते. माणसाला ते हितकारक, पण माशाच्या कल्ल्यांना आणि या जीवाणूंना घातक. श्लोझिंगच्या क्लोरोफॉर्मने जे केले, तेच फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतल्याने होते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. नव्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवावा.

१५/ इतिहासातून निघणारी कृती साधी आहे. मुरलेल्या टाकीतला थोडा स्पंज किंवा खडी नव्या टाकीत घालावी. फ्रेंच शास्त्रज्ञांची ‘बागेतली माती’ ती हीच. आरंभी दोन-तीनच काटक मासे सोडावेत. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये.

१६/ पाणी सुधारले तरी एक संकट उरते: माशांची भांडणे. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, माशांच्या झुंजी लावल्या जात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ थिओडोर कँटर याने १८४९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या झुंजींच्या परवान्यांतून सयामच्या राजाला महसूल मिळत असे. १९०९ मध्ये या माशाला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव मिळाले. दुकानात ‘फायटर’ म्हणून विकला जातो तो हाच.

१७/ मासा भांडतो तो हद्दीसाठी. नेदरलँड्समधील लायडन येथे निको टिनबर्गन यांनी १९३० च्या दशकात स्टिकलबॅक माशांवर प्रयोग केले. या जातीच्या नराचे पोट विणीच्या काळात लाल होते. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली, तरी टाकीतले नर तिच्या रोखाने धावत. लाल रंग म्हणजे हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी!

१८/ नदीत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेच मिटते. काचेत पळायला जागा नसते, म्हणून तेच भांडण प्राणावर बेतते. उपाय यातूनच सुचतात. फायटरचा नर एका टाकीत एकच. गप्पींमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या. दगड आणि वनस्पती अशा रचाव्यात की एका माशाला दुसरा सतत दिसू नये. नवा मासा सोडताना रचना बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न लहान माशांसोबत ठेवूच नयेत.

१९/ मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी काचेआडचा मासा प्रथम तेथे पाहिला. गावोगावी आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडतो, ते गप्पीही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मासा दूरवरून आणता येतो. त्याचे पाणी मात्र जागेवरच घडवावे लागते.

२०/ मलिक-ए-मैदान ओतणाऱ्यांना मातीतले अदृश्य कामकरी ठाऊक नव्हते, तरी माती मुरेपर्यंत थांबण्याची शिस्त सोरा काढणाऱ्यांजवळ होती. आज कारण ठाऊक आहे. कमी पडते ती शिस्त. रिकामी टाकी थोडे खाद्य कुजू देत महिनाभर चालू ठेवणे कंटाळवाणे वाटते खरे, पण पहिला मासा जगतो तो त्या महिन्यामुळेच.

(समाप्त)
#इतिहास #अहिल्यानगर #निजामशाही