प्रदर्शनातला हत्ती

प्रदर्शन म्हटलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो. पाचवीत असताना मी मातीचा एक हत्ती केला होता. शाळेच्या प्रदर्शनात तो मांडला गेला खरा, पण खालच्या चिठ्ठीवर नाव होतं गावातल्या एका बड्या असामीच्या चिरंजीवांचं. प्रदर्शन उरकल्यावर मास्तरांनी हत्ती माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "जा, त्याच्या घरी पोचवून ये."

तेव्हा १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जे पहिलं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याची हकिकत वाचायला घेतली ती मी हत्ती शोधतच. आणि सापडला की! मुर्शिदाबादच्या नवाबानं राणी व्हिक्टोरियाला अंबारी नजर केली होती. हिंदुस्थानच्या दालनात ती मांडायची ठरली. पण अंबारी ठेवायची कशावर? टेबलावर? धावाधाव झाली आणि एसेक्समधल्या एका संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती आणला. तो निघाला आफ्रिकेचा! आपल्या गणपतीचं सुपाएवढ्या कानांवर भागतं. आफ्रिकेच्या हत्तीचे कान म्हणजे चक्क सतरंज्या. पण साठ लाख प्रेक्षकांपैकी किती जणांच्या ते लक्षात येणार?

बाकी थाट विचारू नका. जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बागाईतदारानं अख्खा काचमहाल उभा केला आणि बागेतली जुनी झाडं न तोडता आत घेतली. आत एक पेनी टाकून जायच्या स्वच्छतागृहांची सोय होती. आठ लाखांच्या वर लोकांनी ती पेनी मोजली. (इतिहासकार हा आकडा आवर्जून देतात, मग मीच का लाजू?)

खरी झुंबड मात्र कोहिनूरपाशी. सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलेला हिरा बघून लोक म्हणाले, "एवढंच?" जुन्या पैलूंमुळे तो चमकेचना. भोवती अंधार करून गॅसच्या बत्त्या लावल्या, आरसे लावले, तरी हिरा ढिम्म. पुढच्या वर्षी त्याला घासायला घेतलं आणि १८६ कॅरटांचा हिरा १०५ कॅरटांवर आला. आमच्या सोनाराकडेसुद्धा इतकी घट येत नाही.

हा हिरा लाहोरच्या महाराजा दुलीपसिंगांचा. १८४९ साली तहावर त्यांची सही घेतली, तेव्हा त्यांचं वय दहा. म्हणजे माझ्यासारखेच पाचवीतले! हिरा राणीला द्यावा, असं कलमच होतं तहात. पुढे आईपासून तोडलेला हा मुलगा १८५४ साली विलायतेत आला. राजवाड्यात त्याचं चित्र काढायचं चाललं होतं, तेव्हा राणीनं हिरा मागवला आणि त्याच्या हातात ठेवला. लॉगिनबाई तिथं हजर होत्या, त्यांनी लिहून ठेवलंय. मुलगा हिरा घेऊन खिडकीपाशी गेला. उजेडात धरून तो बराच वेळ उलटसुलट बघत राहिला. खोलीत कुणाच्या तोंडून शब्द नाही. अखेर तो परत आला, अदबीनं वाकला आणि आपल्या हातानं हिरा राणीला देऊन टाकला. वर, असा देता आला याचा आनंदच वाटतो, असंही म्हणाला.

पंधरा वर्षांचं पोर ते. दुसरं काय म्हणणार?

मी त्या बड्या घरी हत्ती पोचवला. पण वाटेत शेपटी मोडून खिशात घातली होती.