कच्चा लिंबू

आट्यापाट्या किंवा लगोरी खेळतांना एखादें लहान पोर हट्टानें डावांत शिरलें, म्हणजे मोठीं मुलें त्याला 'कच्चा लिंबू' ठरवितात. त्यानें हवें तेवढें धावावें. तो बाद होत नाहीं, त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि त्याची गणनाहि कोणी करीत नाहीं. युक्ति मायाळू खरी, पण ती वर्ष-दोन वर्षांपुरती. नांदेडास आमच्या वाड्यांत माझा एक चुलतभाऊ मात्र बारा वर्षांचा झाला तरी कच्चा लिंबूच राहिला. कारण वयाच्या मानानें त्याची बुद्धि वाढली नाहीं. पुढें आम्हीं त्याला डावांत घेणेंच सोडलें. तो ओट्यावर बसून आमच्या चपला सांभाळीत असे, आणि त्यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नसे.

२०२३ सालीं जर्मनींत प्रवास करीत असतां, ज्यांना आपण आजवर मतिमंद म्हणत आलों व ज्यांना आतां बौद्धिक दिव्यांग म्हणतात, अशा खेळाडूंचे जागतिक सामने पाहण्याचा योग मला आला. स्पेशल ऑलिंपिक हें त्यांचें नांव. १७ जून रोजीं बर्लिनच्या भव्य ऑलिंपिक क्रीडांगणावर त्यांचा उद्घाटनसमारंभ झाला. देशोदेशींचीं पथकें संचलन करीत आंत येत होतीं. कोणी रांग मोडून प्रेक्षकांकडे हात हलवी, कोणी मधेंच थांबून वर आकाशाकडे पाही. मी मात्र त्या दगडी खांबांकडे पाहत होतों.

हें क्रीडांगण १९३६ च्या ऑलिंपिकसाठीं बांधलें गेलें. त्या वर्षीं १ ऑगस्टला हिटलरनें येथेंच सामन्यांचें उद्घाटन केलें. आपल्या लोकांच्या मनांत त्या बर्लिनची आठवण निराळी आहे. याच आवारांत १५ ऑगस्ट १९३६ रोजीं ध्यानचंदांच्या संघानें हॉकीच्या अंतिम सामन्यांत जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें त्याच सुमारास बर्लिनमध्यें आपल्या कबड्डीचें प्रात्यक्षिक दाखविलें. तो अभिमान योग्यच आहे. परंतु टाळ्या वाजत होत्या तेव्हां त्या देशांत एक कायदा अडीच वर्षांपासून अमलांत होता. १४ जुलै १९३३ रोजीं मंजूर झालेल्या त्या कायद्यान्वयें आनुवंशिक मानलेल्या व्याधींच्या माणसांना सक्तीनें निर्बीज करण्यांत येई, आणि त्या व्याधींच्या यादींत पहिलेंच नांव जन्मजात मतिमांद्याचें होतें. सुमारें चार लक्ष माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. पुढें महायुद्ध सुरू होतांच निर्बीज करणेंहि पुरेसें वाटेना. बर्लिनच्या टियरगार्टनस्ट्रासे या रस्त्यावरील चार क्रमांकाच्या घरांतून कारभार चालला, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारें सत्तर हजार रुग्ण व अपंग विषारी वायूनें मारले गेले. त्यानंतरहि युद्ध संपेपर्यंत औषधांनीं व उपासमारीनें ही हत्या चालूच राहिली. तें घर आतां नाहीं. २०१४ सालीं तेथें निळ्या कांचेची २४ मीटर लांबीची एक भिंत स्मारक म्हणून उभारली गेली. मी दुसऱ्या दिवशीं तेथें जाऊन आलों.

हें पाप एकट्या जर्मनीचें होतें, असें समजून चालणार नाहीं. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें १९०७ सालींच केला होता, आणि तसल्या कायद्यांस तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२७ सालीं मान्यता दिली. १९४१ मध्यें तेथील एका श्रीमंत घराण्यांतील २३ वर्षांच्या रोझमेरी केनेडी हिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यांत आली व ती कायमची परावलंबी झाली. तिचा भाऊ पुढें राष्ट्राध्यक्ष झाला हें जग जाणतें. परंतु आपल्या कथेंत महत्त्व आहे तें तिची बहीण युनिस श्रायव्हर हिला. १९६२ सालीं युनिसबाईंनीं मेरीलंडमधील आपल्या घराच्या आवारांत अशा मुलांसाठीं उन्हाळी शिबिर भरविलें, आणि २० जुलै १९६८ रोजीं शिकागो येथें सुमारें एक हजार खेळाडूंचे पहिले सामने झाले. अमेरिकेबाहेर उन्हाळी जागतिक सामने प्रथम भरले ते २००३ सालीं डब्लिनला.

या सामन्यांची खरी खुबी त्यांच्या नियमांत आहे. प्रथम प्राथमिक फेरी होते. तींतील कामगिरी, वय आणि स्त्री-पुरुष हा भेद पाहून सारख्या कुवतीच्या खेळाडूंचे लहान लहान गट पाडतात, व पदकें प्रत्येक गटास स्वतंत्र मिळतात. मराठवाड्याच्या माणसाला हें नवें वाटूं नये. हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल ज्या लातूर जिल्ह्यानें दिला, तेथील कोणत्याहि जत्रेंत किंवा आमच्या माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत पंच हेंच करतात. अंगलट पाहून, हात मिळवून जोड लावतात. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या रोख इनामावर. बेजोड कुस्ती लावणाऱ्या पंचाला फडांतली मंडळी हंसतात. एवढें शहाणपण आमच्या मातींत असूनहि ओट्यावर बसलेल्या त्या मुलाची जोड आम्हीं कधीं शोधली नाहीं.

भारताच्या पथकानें बर्लिनमध्यें २०२ पदकें मिळविलीं, त्यांपैकीं ७६ सुवर्णाचीं. वर्तमानपत्रांनीं हा आंकडा ठळक छापला. गटवारीची पद्धत ध्यानांत घेतां या बेरजेवरून देशांची तुलना करण्यांत फारसा अर्थ नाहीं, असें मला वाटतें. दुसराच एक नियम मला अधिक मोलाचा वाटला. प्राथमिक फेरींत मुद्दाम सावकाश धावून, खालच्या गटांत शिरून, अंतिम फेरींत जो फार पुढें निघून जातो त्याला बाद करतां येतें. म्हणजे हा माणूस लबाडीहि करूं शकतो, हें तेथें गृहीत धरलें आहे! दया करणाऱ्याला असला नियम सुचत नाहीं. माझ्या चुलतभावाला आम्हीं एकदांहि बाद केलें नव्हतें.

आपल्याकडेहि कामाला आरंभ झाला तो बहुधा घरच्या दुःखांतूनच. १९४४ सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें शाळा काढली. ती जय वकील शाळा या नांवानें प्रसिद्ध आहे. त्या वेळीं नांदेड व लातूर हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि मुंबईचें वारें येथवर पोंचण्यास फार काळ लागला. १९८४ मध्यें मतिमंदांसाठींची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादेस निघाली. आमच्या भागाला रेल्वेनें तें शहर मुंबई-पुण्याहून किती तरी जवळ; परंतु आमच्या घरांतून तिकडे कोणी गेलें नाहीं. मुलगा भोळा आहे, एवढेंच म्हणून सर्वांनीं समाधान मानलें.

या सामन्यांत भाग घेण्यास वयाची खालची मर्यादा आठ वर्षांची आहे. वरची मर्यादा नाहीं. माझा चुलतभाऊ आतां पन्नाशी ओलांडून गेला आहे. परत आल्यावर मीं त्याला बोची नांवाच्या खेळाचीं छायाचित्रें दाखविलीं. त्यांत लहान चेंडूच्या शक्य तितक्या जवळ आपला मोठा चेंडू घरंगळत न्यावयाचा असतो. त्यानें तीं पुन्हां पुन्हां पाहिलीं, व आपण कधीं जावयाचें म्हणून विचारलें. गोट्यांत त्याचा नेम आम्हां सर्वांपेक्षां चांगला होता, हें मला तेव्हां आठवलें.