बेगम समरूची कोठी

दिल्लीच्या चांदनी चौकात भगीरथ पॅलेस विचारा, कुणीही दाखवील. विजेच्या सामानाचा मोठा बाजार तो. तीच बेगम समरूची कोठी, हे मात्र आम्हाला सांगावे लागते.

तिचे नाव फरजाना. समरू हे वॉल्टर राइनहार्ट या तिच्या फिरंगी साथीदाराच्या टोपणनावाचे देशी रूप! म्हणजे कोठीला बाईचे नाव तसे कधी लाभलेच नाही. नाचगाण्यातून आलेली ही फरजाना सरधन्याची जहागीरदारीण झाली, १७८१ साली कॅथलिक झाली. १८०३ साली असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. आपल्या जालन्याच्या मातीशी तिचे हे नाते फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या अकबरशहाच्या काळात तिने बागेत ही उंच खांबांची कोठी बांधली. १८३६ साली ती वारली. पुढे तेथे दिल्ली बँक आली. मे १८५७ मध्ये उठाववाल्यांनी ती लुटली. व्यवस्थापक बेरेसफर्ड सहकुटुंब मारला गेला. १९२२ साली इमारत लॉइड्स बँकेकडे आणि १९४० साली लाला भगीरथमलांकडे गेली. बागेच्या जागी दुकाने उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये या बाजाराला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती, शंभरावर दुकाने जळाली. बातम्यांत नाव आले ते भगीरथ पॅलेसचेच.