सन्मानार्थ देणगी

सन्मानार्थ देणगी म्हणजे एखाद्या व्यक्तीला भेटवस्तू देण्याऐवजी तिच्या नावे धर्मादाय संस्थेस दिलेली देणगी होय. वाढदिवस, विवाह, नाताळ अशा प्रसंगी ती दिली जाते. मृत व्यक्तीच्या नावे दिलेल्या देणगीस स्मरणार्थ देणगी म्हणतात. सामान्य भेटीत देणारा व घेणारा असे दोनच पक्ष असतात. येथे देणगीदार, सन्मानित व्यक्ती आणि लाभार्थी असे तीन पक्ष असतात.

इतिहास

भारतात तुलादानाची प्रथा जुनी आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये महाबळेश्वर येथे जिजाबाई व सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला करून ते सोने दान केले. महाराष्ट्रातील शाळा व ग्रंथालयांत आप्तांच्या स्मरणार्थ कायम ठेव ठेवली जाते. मुद्दल तसेच राहते आणि व्याजातून पारितोषिक किंवा पुस्तके दिली जातात.

अमेरिकेत डॅन वेस्ट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या, पुढे हायफर इंटरनॅशनल या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९४४ मध्ये कालवडींची पहिली खेप प्वेर्तो रिकोला पाठवली. जनावर मिळालेल्या कुटुंबाने त्याचे मादी वासरू दुसऱ्या गरजू कुटुंबास द्यावे, अशी तिची अट असते. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमने २००४ मध्ये ‘ऑक्सफॅम अनरॅप्ड’ हा भेटयोजनेचा उपक्रम सुरू केला.

कार्यपद्धती

देणगीदार संस्थेच्या सूचीतून शेळी, कोंबड्या, शालेय साहित्य अशी एखादी वस्तू निवडतो. सन्मानित व्यक्तीस शुभेच्छापत्र मिळते. वस्तू तिच्याकडे येत नाही. अनेक संस्थांच्या सूचीतील वस्तू प्रातिनिधिक असते आणि जमा रक्कम त्या प्रकारच्या व्यापक कार्यासाठी वापरली जाते.

टीका

निवडलेली वस्तूच लाभार्थ्यास मिळते, असा देणगीदाराचा समज होऊ शकतो, हा मुख्य आक्षेप आहे. २००६ मध्ये ॲनिमल एड व वर्ल्ड लँड ट्रस्ट या ब्रिटिश संस्थांनी जनावरांच्या भेटींवर टीका केली. शुष्क प्रदेशात शेळ्यांच्या चराईने जमिनीची हानी होते आणि चारापाण्याचा भार गरीब कुटुंबावरच पडतो, असे आक्षेप घेतले गेले. दूध, खत व विक्रीतून कुटुंबास उत्पन्न मिळते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. सन्मानित व्यक्तीस ते कार्य मान्य नसल्यास भेटीचा हेतू साधत नाही, असाही आक्षेप घेतला जातो.

भारतातील करसवलत

देणगीवरील आयकर वजावट देणगी देणाऱ्यास मिळते, सन्मानित व्यक्तीस नव्हे. त्यामुळे पावती देणगीदाराच्या नावे असणे आवश्यक ठरते. २०१७ च्या वित्त अधिनियमाने या वजावटीसाठी रोख देणगीची मर्यादा १०,००० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणली.