माळ्यावरचीं दप्तरें

१८१८ सालीं पेशवाई बुडाली, तेव्हां राज्याचे कागद सरकारी दप्तरांत गेले. पण सरदार, कारकून, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरचे रुमाल माळ्यांवरच राहिले. पुढें वंशजांस मोडी वाचतां येईनाशी झाली. मग कांहीं रुमाल वाळवीनें खाल्ले, कांहीं वाण्याच्या पुड्यांस गेले.

१८९८ सालीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. वाईस हातीं लागलेलीं १७५० ते १७६१ मधील पत्रें त्यांत आलीं. एकंदर २२ खंडांसाठीं हा पुरुष गांवोगांव हिंडला. वाळवीपेक्षां बिकट अडचण होती ती घरधन्याच्या मनांतली: वतनाचा कागद परक्याच्या हातीं गेला तर हक्क बुडेल! ही भीति खुळी म्हणवत नाहीं. १८५२ च्या कायद्यानें अधिकार मिळालेल्या इनाम कमिशननें असेच दाखले मागून कैक इनामें खालसा केलीं होतीं. ज्याचे हात पोळले, तो पेटी सहजासहजीं कशी उघडील?

तेव्हां एकट्याच्या हिंडण्यापेक्षां लोकांची संस्थाच हवी होती. १९१० सालीं राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. तेथें सभांतून कागद चारचौघांत वाचले जात, पुढें छापले जात; लपवाछपवी नव्हती. घराण्यांनीं मग आपलीं दप्तरें मंडळाच्या स्वाधीन केलीं.

१९२६ च्या ३१ डिसेंबरास राजवाडे धुळ्यास वारले. त्यांचा संग्रह मागें राहिला. पुढल्याच वर्षीं धुळेकरांनीं राजवाडे संशोधन मंडळ काढून तो सांभाळला.